एकझटका

होडीचं इंजिन बिघडलं तर न्यावं एकझटक्याकडे, हे धक्क्यावरचं शेंबडं पोरही सांगत असे. हे टोपणनाव मिस्त्रीला उगाच मिळालेलं नव्हतं. गिऱ्हाईक आपलं इंजिन परत न्यायला आलं की तो हातातलं फडकं खांद्यावर टाकायचा, पाण्याच्या पिंपात खालचा पंख्याचा दांडा बुडवून उभ्या केलेल्या इंजिनाची दोरी नुसत्या दोन बोटांत धरायचा आणि असा झटका द्यायचा की इंजिन लगेच गुरगुरायला लागायचं. दुसरा झटका द्यायची वेळ कधी आलीच नाही. ज्या माणसानं त्याच दोरीशी झोंबून हाताला फोड आणून घेतलेले असत, तो तोंडात बोट घालून बघत राहायचा. मिस्त्री म्हणायचा, काही नाही हो, हात लागतो.

आता यातली मेख सांगतो. गिऱ्हाईक यायच्या आधी मिस्त्री दुकानाचं दार आतून लोटून घ्यायचा. इंजिन पिंपात उतरवायचा, चोक ओढायचा, दोरीला झटक्यावर झटके देऊन, शिव्या देऊन, घाम गाळून ते चालू करायचा आणि चांगलं तापेपर्यंत चालवायचा. मग बंद करून, कपाळ पुसून, दार उघडून, जसं काही झालंच नाही अशा थाटात स्टुलावर बसायचा. तापलेलं इंजिन काय, कुणाच्याही हाताला चालू होतं! पण झाकली मूठ सव्वा लाखाची. यात काही फसवाफसवी आहे असं त्याला कधी वाटलं नाही. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो, तसंच हे, असा त्याचा हिशेब होता.

दाराआडचे ते झटके तो कधी मनावर घेत नसे. नुकतंच जोडलेलं इंजिन, नळीत पेट्रोल चढायला वेळ लागणारच, असं म्हणून तो ते सोडून द्यायचा. त्यामुळे झालं काय, की आपण दुरुस्त केलेलं इंजिन रात्रभर गारठल्यावर सकाळी मालकाशी कसं वागतं, हे या धक्क्यावरच्या सगळ्यात नावाजलेल्या मिस्त्रीनं आयुष्यात कधी बघितलंच नव्हतं.

त्याची थोरली बहीण याच धक्क्यावर होडी चालवायची. आई दिवसभर कामाला जायची, तेव्हा याला काखोटीला मारून वाढवला तो ताईनं. अजूनही ती त्याला "धाकट्या" म्हणूनच हाक मारायची, आणि त्याच्या मिशा पिकल्या तरी गिऱ्हाइकांसमोर ती हाक आली की तो कानकोंडा व्हायचा. होडी खरी तिच्या नवऱ्याची, म्हणजे दाजींची. पहाटेची पहिली फेरी वर्षानुवर्षं दाजींकडे होती. पलीकडच्या फॅक्टरीतल्या बायका, दवाखान्यात दिवसपाळीला जाणाऱ्या नर्सा, सगळ्या दाजींच्या होडीनंच जायच्या. पण मागच्या थंडीत दाजींचा उजवा खांदा गेला. आतला स्नायू फाटला, हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलं, वय झालं, आता जपा. तेव्हापासून दाजी पाण्याकडच्या खिडकीशी बसले आणि ताई होडीवर उभी राहिली.

इंजिन जुनं होतं. त्याचे भाग मिळणंही बंद झालं होतं, आणि रंग तर इतका उडालेला की मूळचा कुठला यावर दाजींची आणि तिकीटवाल्याची पैज लागायची. दिवसभर ते गुणी बाळासारखं चालायचं. रडायचं ते फक्त सकाळी. थंडी पडली की पहिल्या फेरीला ताई ओढतेय, ओढतेय, आणि इंजिन नुसतं खोकून गप्प. बाया फळीवर अंग चोरून बसलेल्या, फॅक्टरीचा भोंगा पलीकडे वाजून गेलेला.

ताईनं इंजिन भावाकडे आणलं. त्यानं प्लग बदलले, शिळं पेट्रोल काढून टाकलं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा ठेवत जा म्हणून बजावलं, पेट्रोल चढवायचा रबरी फुगा नवा बसवला. मग नेहमीप्रमाणे दार लोटून ते तापवलं आणि ताई आली तेव्हा दोन बोटांनी एक झटका दिला. घे, म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तिनं पुन्हा आणलं, त्यानं पुन्हा एक झटका देऊन दाखवला. असं होता होता एकदा तिनं भर धक्क्यावर त्याला गाठलं आणि म्हणाली, की धाकट्या, तुझ्याकडे होतं रे चालू, पण माझ्याकडे सकाळी होत नाही, काहीतरी राहतंय बघ.

काहीतरी राहतंय! आजूबाजूला गिऱ्हाईक उभं, तिकीटवाला कान टवकारून बसलेला, आणि ही म्हणते राहतंय. मिस्त्रीचं डोकं सटकलं.

"इंजिनात काही राहिलेलं नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "दोरी ओढायला दंडात जोर लागतो. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली गत."

लोक हसले. ताई हसली नाही. तिनं हातातली दोरी नीट गुंडाळली, पदराला हात पुसले आणि होडीकडे निघून गेली. मिस्त्रीला जरा कसंतरी झालं. पण तेवढ्यात कुणीतरी त्याला चहा पाजला आणि ते कसंतरी होणं चहाबरोबर खाली उतरलं.

धक्क्यावर कोणती फेरी कुणाला हे ठरवायचा साहेब. माणूस वाईट नव्हता, पण फॅक्टरीतून त्याच्याकडे तक्रारी यायला लागल्या होत्या. त्यानं ताईला सांगितलं, की आणखी एकदा उशीर झाला तर पहिली फेरी दुसऱ्या होडीवरच्या टोपीवाल्याला देणार. टोपीवाल्याकडे नवं इंजिन होतं, बटण दाबलं की चालू. पहिली फेरी ज्याची, त्याचीच धक्क्यावरची बांधायची जागा. ती गेली की होडी चिखलाच्या काठाला न्यायची आणि दिवसभर पडेल त्या भाड्याची वाट बघत बसायचं. हे मिस्त्रीच्या कानावर आलं, आणि तो साहेबाच्या खोलीत जाऊन ऐटीत सांगून आला, की उद्या मी स्वतः येतो, तुमच्या डोळ्यांदेखत एका झटक्यात चालू करून देतो, मग काय ते बोला.

बहिणीची बाजू घेतली म्हणून त्याची छाती घरी येईपर्यंत फुगलेली होती. घरी आल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की इंजिन तर रात्रभर होडीवर गार पडणार. म्हणजे साहेब यायच्या आत गुपचूप जाऊन तापवायला हवं. सवयच ती.

पहाटे तो टॉर्च आणि पान्यांची पिशवी घेऊन निघाला तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. धक्क्याच्या पायऱ्यांवर दव पडून बुळबुळीत झालं होतं. तो होडीत उतरला, रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला, चोक पूर्ण ओढला, दोन बोटं दोरीला लावली आणि झटका दिला. काही नाही. पुन्हा दिला. काही नाही. मग दोन बोटांची चार झाली, चाराचा एक हात झाला, एकाचे दोन झाले. कोट काढून फळीवर टाकला. पाय फळीला रोवून, दात खाऊन ओढायला लागला. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं. मिस्त्री त्याच्या आईबापांवर घसरला.

"तापवायला आलास होय," आवाज आला.

ताई होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेत, अंगावर गोधडी घेऊन बसली होती. आधीपासूनच. अंधारात त्याला ती दिसलीच नव्हती. तो उतरला तेव्हापासून ती सगळं बघत होती. मिस्त्रीच्या हातातली दोरी तशीच राहिली. तू इतक्या लवकर काय करतेस, असं त्यानं उगाच दरडावून विचारलं.

ती म्हणाली, की ती रोजच येते. बाया यायच्या आधी ओढून ओढून चालू झालं तर झालं, म्हणून. कधी होतं, कधी हात गळून जातो तरी होत नाही. मग म्हणाली, "तुझ्या दुकानाचं दार लोटलेलं असतं ते याचसाठी, नाही का रे? मला वाटायचं, माझ्या भावाच्या हातातच काहीतरी आहे."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थंडीत त्याचे कान भाजायला लागले. काहीतरी करायला पाहिजे म्हणून त्यानं इंजिनाचं झाकण काढलं, टॉर्च ताईच्या हातात दिला आणि कार्बोरेटरच्या तोंडावरचं कव्हर सोडवलं. बडबड चालूच होती त्याची, की प्लग नवे, फुगा नवा, पेट्रोल ताजं, आता राहिलं काय. आणि मग त्याची बडबड थांबली.

चोकचा दांडा पूर्ण ओढलेला होता. पण आतली चकती, जी कार्बोरेटरचं तोंड गच्च मिटते, ती मिटलीच नव्हती. एका बाजूला नखभर फट राहिली होती. गार इंजिनाला सुरुवातीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. त्या नखभर फटीतून हवा शिरत होती आणि सगळा चोक फुकट जात होता. इंजिन तापलं की चोक लागतच नाही, मग फट असली काय नि नसली काय.

दांड्याला आणि चकतीला जोडणारी तार आखूड पडत होती. आणि ती तार मिस्त्रीनं स्वतः केली होती. मूळची तुटली, नवी मिळेना, म्हणून सायकलच्या चाकातली तार घेऊन त्यानं ती पकडीनं वाकवली होती. दोन्ही टोकांना असे सुबक आकडे काढले होते की दाजी बघतच राहिले. बसवण्याआधी ते ती तार हातात घेऊन धक्काभर फिरले होते. आमच्या मेहुण्यांची करामत बघा, म्हणत प्रत्येकाला दाखवली होती.

"ही कधी बसवलीस?" ताईनं विचारलं.

तो म्हणाला, मागची थंडी सुरू व्हायच्या आधी.

टॉर्चचा उजेड थोडा हलला. "त्याच थंडीत ह्यांचा खांदा गेला," ताई म्हणाली. "रोज सकाळी घरी येऊन शेकत बसायचे. म्हणायचे, मेहुणे एका झटक्यात चालू करतात, मलाच का जमत नाही."

मिस्त्री खाली बसला. त्याला आठवलं, दाजींनीही तेव्हा एकदा इंजिन आणलं होतं. तेव्हाही त्यानं ते तापवून, दोन बोटांनी ओढून दाखवलं होतं आणि हसत हसत म्हणाला होता, दाजी, जरा दूधबीध पीत जा. आठवलं आणि त्याला स्वतःच्या हसण्याची किळस आली.

"हे त्यांना तूच सांगायचंस," ताई म्हणाली. "मी नाही सांगणार."

तेवढ्यात वर पायऱ्यांवर बायांची कुजबुज ऐकू यायला लागली. ताई म्हणाली, आता चालू कसं करायचं ते बोल. मिस्त्रीनं बोट कार्बोरेटरच्या तोंडात घालून चकती दाबून धरली आणि ताईला ओढायला सांगितलं. ताईनं ओढलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन चालू झालं. वर्षभरात असं ते सकाळी कधी झालं नव्हतं. तिनं भावाकडे बघितलं. तो तिच्या नजरेला नजर देऊ शकला नाही. कव्हर लावतो, झाकण लावतो, करत राहिला.

साहेब मफलर गुंडाळून आला तोवर इंजिन छान तापलं होतं. त्यानं ते बंद करायला सांगितलं, आणि म्हणाला, हं, आता दाखवा. मिस्त्रीनं दोरी ओढली. झालं चालू. तिकीटवाल्यानं टाळी वाजवली. बायांनी कौतुकानं माना डोलावल्या. एकझटका आला की कसं ऐकतं बघा, असं कुणीतरी म्हणालं.

साहेब मात्र विचारात पडला. मग त्यानं अगदी सौम्यपणे, जणू ताईचंच भलं करतोय अशा सुरात सांगितलं, की म्हणजे इंजिनात दोष नाही हे सिद्ध झालं. दोष हाताचा आहे. बाईमाणसाला हे झेपणारं काम नव्हे, आणि त्यात कमीपणा काही नाही. तेव्हा परवापासून पहिली फेरी टोपीवाल्याकडे.

ताईनं नुसतं भावाकडे बघितलं, लहानपणी त्यानं काही फोडलं की बघायची तसं.

मिस्त्रीनं मनात म्हटलं, गप्प बसलो तर आजही मी एकझटकाच राहीन. हे त्याच्या मनात आलं, चांगलं घोळलं, आणि याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली. पण तो बोलला. दोष इंजिनात आहे आणि तो मी केलाय, म्हणाला. तार आखूड आहे, मी लवकर येऊन तापवून ठेवलं होतं, म्हणून आत्ता चालू झालं. दुकानातही मी तेच करतो, सगळ्यांच्या इंजिनांना.

कुणाला खरं वाटेल तर शपथ! लोक हसायला लागले. तिकीटवाला डोळे पुसत म्हणाला, याला म्हणतात भाऊ, बहिणीची फेरी वाचावी म्हणून स्वतःच्या नावाला काळं फासतोय. एका वयस्क नर्सनं तर त्याच्या पाठीवर हात फिरवला. मिस्त्रीनं झाकण काढून फट दाखवली. साहेबानं चष्मा सरसावून आत डोकावलं आणि म्हणाला, एवढ्याशा फटीनं काय होतंय, तुमची माया कळली मला, पण फेऱ्या मायेवर चालत नाहीत.

खोटं बोलून मिळालेलं कौतुक मिस्त्रीनं आयुष्यभर पचवलं होतं. खरं बोलून मिळालेलं मात्र त्याला पचेना. तो हट्टाला पेटला. म्हणाला, साहेब, उद्या सकाळी या. इंजिन रात्रभर गार पडू द्या, होडीला तुमचं कुलूप लावा. ती तार आहे तशीच राहील. तुम्हा सगळ्यांसमोर मी ओढतो. माझ्या हातानं झालं चालू, तर फेरी खुशाल कुणालाही द्या. नाही झालं, तर तार बदलून ताई ओढेल, आणि तिच्या हातानं झालं तर फेरी तिची. साहेबालाही मौज वाटली. तो हो म्हणाला.

दुपारी दुकानाचं दार सताड उघडं ठेवून मिस्त्रीनं नवी तार वाकवली, या खेपेला मापून. ती खिशात टाकली आणि तो ताईच्या घरी गेला. ताई फेरीवर होती. दाजी खिडकीशी होते. त्यांनी डाव्या हातानं चहा गाळला, डाव्या हातानं कप पुढे केला, थोडा सांडला, तो पायानंच फडकं ओढून पुसला. उजवा हात मांडीवर पडलेला होता.

मिस्त्री सांगायलाच आला होता. वाक्यसुद्धा जुळवून आणलं होतं. पण दाजींनीच सुरुवात केली. धक्क्यावरची बातमी त्यांच्यापर्यंत आली होती, अर्थात तिकीटवाल्याच्या तोंडून, म्हणजे उलटी. ते म्हणाले, मेहुणे, हिच्यासाठी तुम्ही आज जे केलंत ते सख्खा भाऊच करतो. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खरं सांगू? मीच कमी पडलो हो. तुमच्या हातात तेच इंजिन एका झटक्यात चालू व्हायचं. माझ्यातच दम नव्हता. हिला उगाच त्या दोरीला जुंपलं मी."

आता सांगायचं होतं. यापेक्षा बरी जागा कुठली मिळणार होती? मिस्त्रीनं तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते एवढंच, की चहा छान झालाय. मग तो उठला. जिना उतरताना त्यानं स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की तळमजल्यावरची बाई दारात येऊन बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर जत्रेएवढी माणसं. आदल्या दिवशी ज्यांनी बघितलं नव्हतं तेही आले होते. टोपीवाला हाताची घडी घालून उभा. साहेबानं कुलूप काढलं, इंजिनावर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली आणि मागे सरला. मिस्त्रीनं फुगा दाबला, चोक पूर्ण ओढला, सगळ्यांना दाखवला आणि दोरी धरली.

पहिल्या झटक्याला काही झालं नाही तेव्हा लोक हसले. नाटक करतोय, असं त्यांना वाटलं. तिकीटवाला मोठ्यानं झटके मोजायला लागला, आणि त्याच्याबरोबर बायाही. मिस्त्रीनं कोट काढला. जरासुद्धा हात आखडता घ्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं होतं. पाय रोवून, कंबरेतून वळून, होता नव्हता तेवढा जोर लावून तो ओढत राहिला. इंजिन खोकायचं आणि गप्प व्हायचं. हळूहळू हसणं थांबलं. मग मोजणंही थांबलं. नुसता दोरीचा आवाज आणि त्याचा श्वास. तळहाताचं कातडं निघालं. खांद्यात आत कुठेतरी आग लागली, आणि प्रत्येक झटक्याला ती मानेपर्यंत जायला लागली. साहेब म्हणाला, पटलं मला, राहू द्या आता. मिस्त्री थांबला नाही. ताई म्हणाली, धाकट्या, बास. तो थांबला नाही. दाजी रोज सकाळी एवढंच ओढायचे, असंच ओढायचे, याशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

गर्दी बाजूला झाली. दाजी पायऱ्या उतरून येत होते, डाव्या हातानं कठडा धरत. खिडकीतून त्यांना तो आवाज ऐकू गेला होता. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. होडीच्या काठाशी येऊन त्यांनी डावा हात लांब केला आणि दोरी धरली.

"बस करा मेहुणे," ते म्हणाले. "खांदा जाईल."

मिस्त्रीच्या हातातून दोरी सुटली. एवढ्या माणसांत त्याला रडू फुटलं.

"दाजी, तार आखूड होती. मीच केली होती," तो म्हणाला. "तुमचा खांदा माझ्यामुळे गेला. तुमच्यात दम होता. काल सांगायला आलो होतो, सांगितलं नाही."

आता मात्र कुणी हसलं नाही, आणि कुणी पाठीवर हातही फिरवला नाही. दाजी बराच वेळ इंजिनाकडे बघत उभे राहिले. मिस्त्रीनं कव्हर काढलं, जुनी तार सोडवली, खिशातली नवी बसवली. चकती गच्च मिटली. ताईनं पदर खोचला आणि ओढलं. एकदा खोकलं, दुसऱ्यांदा चालू झालं. साहेबानं टोपीवाल्याकडे बघून मान हलवली, आणि टोपीवाला आपल्या होडीकडे चालता झाला. बाया भराभर फळ्यांवर बसल्या. फॅक्टरीचा भोंगा अजून व्हायचा होता.

जुनी तार फळीवर पडली होती. दाजींनी ती डाव्या हातानं उचलली आणि उजेडाकडे धरून तिचे आकडे न्याहाळले.

"ही मी धक्काभर दाखवत फिरलो होतो," ते म्हणाले.

त्यांनी ती मिस्त्रीच्या सोललेल्या तळहातावर ठेवली आणि होडीत चढून ताईच्या शेजारी जाऊन बसले. मिस्त्री पायरीवर उतरला आणि त्यानं होडीची गाठ सोडली. उजवा हात वर जाईना, म्हणून डाव्यानं सोडली. होडी निघाली. ताईनं एकदा मागे वळून बघितलं. दाजींनी बघितलं नाही.